सातघरची गंगव्वा

तनयने वाचता वाचता थांबून खिशातला रुमाल काढला, त्याची घडी मोडली आणि नाकाला लावला. सभागृह हसलं. मग रुमालाआडूनच, तोंड एका बाजूला वाकडं करून, तो जड जिभेने म्हणाला, “सरी… सरी… सरी…”

आता लोक मोकळेपणाने हसले. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले.

सुचेता त्याच रांगेत टोकाच्या खुर्चीवर बसली होती. तीही हसेल अशा अपेक्षेने दोन-तीन चेहरे तिच्याकडे वळले. तनय वाचत होता ती गोष्ट त्याची असली, तरी तिच्यातली गंगव्वा सुचेताची होती. गंगव्वाचा अंथरुणाला खिळलेला सासरा सुचेताचा होता, आणि अर्धांगानंतर त्याच्या तोंडात उरलेला तो एकच शब्दही तिनेच त्याला दिला होता. सुचेताने ओठ जरा ताणले. तेवढं पुरलं. चेहरे पुन्हा तनयकडे वळले.

तिने मागे पाहिलं नाही. मागे, दाराजवळच्या खांबाला टेकून, तिचा नवरा अरविंद बसला होता. या मंडळींच्या कार्यक्रमाला तो पहिल्यांदाच आला होता. घरातल्यांना घेऊन या, असं यंदा त्रिविक्रमरावांनी सगळ्यांना मुद्दाम सांगितलं होतं.

सातघर हे गाव कुठल्या नकाशावर नव्हतं. कादंबरीकार त्रिविक्रम अष्टपुत्रे यांनी ते बसवनगुडीतल्या आपल्या दिवाणखान्यात वसवलं होतं. नोकरीसाठी ते पुण्याहून बंगळूरला आले, निवृत्त झाल्यावर इथेच राहिले, आणि आपल्यासारखंच मराठीत लिहू पाहणाऱ्या सात जणांना त्यांनी एका रविवारी घरी बोलावलं. प्रत्येकाने एक घर बांधायचं, त्यात माणसं ठेवायची. महिन्यातून एकदा जमायचं आणि गावात काय घडलं ते वाचून दाखवायचं. नियम एकच होता: कुठल्याही घराला कडी नाही. एकाचं माणूस दुसऱ्याने खुशाल आपल्या गोष्टीत न्यावं. हळूहळू गाव वाढलं. चिकपेठेतले कापडवाले आले, बँकेतले आले, निवृत्त शिक्षिका भागीरथीबाई आल्या, आणि अलीकडे पुण्या-मुंबईहून कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांसाठी आलेली तनयसारखी मुलं. गोष्टींच्या झेरॉक्स प्रती निघत आणि हातोहात फिरत. वर्षातून एकदा शाळेचं सभागृह घेऊन मोठा मेळावा होई.

यंदाच्या मेळाव्यासाठी त्रिविक्रमरावांनी सगळ्यांना एकच काम दिलं होतं. गंगव्वाचा शेवट लिहायचा. ज्याचा शेवट सर्वांत चांगला, तो सातघरात खरा धरायचा.

तनयच्या शेवटात म्हाताऱ्याच्या खोलीतला वास हळूहळू गावभर पसरत होता. शाळा सुटली, बाजार उठला, नाकाला पदर आणि उपरणी लावून पंचायत बसली. मुलगा वाईट लिहीत नव्हता. त्याआधी एकाने गंगव्वाला पेजेत कण्हेरीचं मूळ उगाळायला लावलं होतं. एकाने तिला दूधवाल्याबरोबर पळवलं होतं, आणि पळताना तिची गुबगुबीत पाठ कशी दिसत होती हेही सांगितलं होतं. भागीरथीबाईंनी म्हाताऱ्याला मरता मरता पुरून ठेवलेलं सोनं दाखवायला लावलं होतं. सेवेचं फळ म्हणून. दूधवाल्याच्या गोष्टीच्या वेळी सुचेताच्या मनात आलं होतं, की हे वाक्य लांबलं, मध्येच तोडायला हवं होतं. आपण काय विचार करतो आहोत हे लक्षात आलं तेव्हा तिला स्वतःचीच शिसारी आली.

तनय टाळ्या घेत खाली उतरला. जाता जाता तिच्यापाशी वाकून म्हणाला, “मॅडम, ऑफेन्ड नाही ना झालात? गंगव्वा माझी फेव्हरिट आहे. रिअली.”

त्याच्या तोंडाला लवंगेचा वास येत होता. डोळे अगदी स्वच्छ होते. त्याला काही माहीत नव्हतं.

माहीत फक्त एका माणसाला होतं.

दोन वर्षांपूर्वी तिचे सासरे, कृष्णाजी, चिकपेठेतल्या दुकानात कापड मोजता मोजता कोसळले. गजासकट त्यांना घरी आणलं. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांशी बोलून बोलून जिभेला बसलेला ‘सरी’, कानडीतलं ‘बरं’, तेवढा राहिला. भूक लागली तरी सरी, दुखलं तरी सरी. सुचेताने शाळेतली नोकरी सोडली. सोडायला कुणी सांगितलं नव्हतं. दुसरी काही सोय करू, असंही कुणी म्हटलं नव्हतं. अरविंद दुकानातून आला की खोलीच्या उंबऱ्याशी उभा राही. “अण्णा, बरं आहे का?” म्हणून विचारी, आतून “सरी” आलं की पाय धुवायला जाई. “मला ते बघवत नाही,” असं तो सुरुवातीला एकदा म्हणाला होता. कुणाला तिखट सोसत नाही म्हणून त्याच्यापुरती वेगळी भाजी काढावी, तसं ते घरात मान्य झालं.

दुपारी मामंजींचा डोळा लागला की ती लिहायला बसे. गंगव्वा तशी आली. ओल्या चादरी, मेणकापडावर टिच्चून बसलेला वास, पाठीवरच्या जखमेला स्पिरिट लावताना आवळलेली मूठ, हे सगळं तिने गंगव्वाच्या हातात दिलं आणि तिचे हात जरा हलके झाले.

पहिलं वाचन झालं त्या दिवशी बाकीचे गेल्यावर त्रिविक्रमरावांनी तिला थांबवून घेतलं होतं.

“हे कुठून आलं?” त्यांनी विचारलं.

तिला हे कुणीच कधी विचारलं नव्हतं. ती बोलत राहिली. समोरची कॉफी निवून तिच्यावर साय धरली. शेवटी तिने ते सांगितलं, जे लिहिलं नव्हतं. ती मामंजींना पुसायला लागली, की ते आपला चांगला हात उचलून तिच्या डोळ्यांवर ठेवत. पुसणं होईपर्यंत ठेवत. ती अंदाजाने पुसायची.

“हे मी लिहिणार नाही,” ती म्हणाली होती.

“नका लिहू,” ते म्हणाले होते. “आणि हे खरं आहे असं कुणाला सांगूही नका. लोक बिचकतील. गंगव्वाकडे मोकळेपणाने येणार नाहीत.”

आपली कुणीतरी काळजी घेतं आहे, असं तिला त्या दिवशी वाटलं होतं.

आता ते स्वतः वाचायला उभे राहिले. सभागृह सावरून बसलं. खादीचा झब्बा, चष्म्याची दोरी, कागद धरायची ती हलकी पद्धत. वाचताना ते कधी आवाज चढवत नसत.

“गंगव्वाने फडकं पिळलं,” ते वाचू लागले. “म्हाताऱ्याने हात उचलला. आपली लाज झाकणं त्याच्या हातात राहिलं नव्हतं. म्हणून त्याने तिचे डोळे झाकले.”

कुणी खोकलं नाही. ते पुढे वाचत गेले. रोज उचलला जाणारा तो हात, त्याची खरखरीत बोटं, बोटांमागचा तो अंधार आणि त्या अंधारात आपलं काम करणारी बाई. आणि मग एके दिवशी फडकं पिळून ती थांबते, थांबूनच राहते, आणि हात वर येत नाही.

एक क्षण गेला. “वा,” असं कुणीतरी अगदी दबक्या आवाजात म्हणालं आणि मग सगळं सभागृह टाळ्या वाजवू लागलं. भागीरथीबाई पदराने नाक पुसत होत्या. तनय उभा राहून टाळ्या वाजवत होता.

चांगलं लिहिलं होतं. हेच सुचेताला सोसेना. हसत होते तेव्हा निदान तिच्या आणि त्यांच्यामध्ये काहीतरी अंतर होतं. रोज सकाळ-संध्याकाळ तिच्या पापण्यांवर एकच हात येत असे, ओलसर आणि थरथरणारा. आता तिथे सगळ्यांचे हात होते. तिने पदराच्या टोकाने डोळे खसखसून पुसले. शेजारच्या बाईंना ते रडणं वाटलं. त्यांनी तिच्या मांडीवर थोपटलं आणि तिच्या अंगावर काटा आला.

“आता निवाडा ज्यांची गंगव्वा त्यांनीच करावा,” त्रिविक्रमराव माइकवर म्हणाले. “सुचेताबाई, या.”

ती वर गेली. माइकच्या जाळीला आधीच्या वाचणाऱ्यांच्या श्वासाचा दर्प होता. समोर चेहरे होते आणि त्यांच्या मागे, खांबापाशी, अरविंद. तो खुर्चीत नव्हता, उभा होता. त्याचा चेहरा एवढ्या लांबून दिसत नव्हता. हात कुठे ठेवावेत हे न कळल्यासारखे नुसते लोंबत होते.

“मला घरी जायला हवं,” ती म्हणाली. “त्यांना पुसायची वेळ झाली.”

हा तिने केलेला गंगव्वाचा शेवट आहे, असं लोकांना वाटलं. सगळ्यात आधी टाळी वाजवली ती त्रिविक्रमरावांनी. मग सगळ्यांनी.

मागच्या व्हरांड्यात द्रोणांतून केसरीबात आणि खाराबात, गोड शिरा आणि तिखट उपमा, वाटत होते. लोक उभ्याउभ्याच खात होते, बोटं चाटत होते आणि गंगव्वाबद्दल बोलत होते. सुचेता चपला शोधत असताना त्रिविक्रमराव द्रोण घेऊन तिच्याजवळ आले.

“काय ओळ टाकलीत शेवटी,” ते म्हणाले. “माझा शेवट फिका पडला.”

“तो हात मी तुम्हाला सांगितला होता. लिहिला नव्हता.”

“म्हणून तर मी लिहिला.” त्यांचा आवाज मायेचा होता. “तुम्ही लिहिणारच नव्हता. वाया गेला असता.”

त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात केशरी रव्याचा एक कण चिकटला होता, आणि बोलताना तो वरखाली होत होता. तिला दुसरं काही दिसेना.

“मिस्टर आले होते माझे,” ती म्हणाली. “ऐकत होते.”

“हो, पाहिलं मी. म्हणून तर घरातल्यांना बोलवा म्हटलं होतं. कळायला नको का त्यांना, केवढी लेखिका आहे घरात?” ते किंचित जवळ सरकले. “रागावू नका. सातघरात कुणाचं माणूस कुणाच्या मालकीचं नसतं.”

“मामंजी सातघरात राहत नाहीत,” ती म्हणाली. “माझ्या घरात राहतात.”

ते हसले. लहान मुलाने काहीतरी हुशारीचं बोलावं तसे हसले, आणि त्यांनी द्रोण तिच्यापुढे केला. “थोडं घ्या. उपाशी जाऊ नका.”

तुपाचा वास तिच्या नाकात शिरला. द्रोण बाजूला सारून ती पायऱ्या उतरली. हाक आली, पण ती थांबली नाही.

अरविंद फाटकाशी होता. दोघं चालत निघाले. घर फार लांब नव्हतं. गांधी बाजारात रविवारची संध्याकाळची गर्दी होती. फुलवाल्यांनी शेवंतीचे ढीग मांडले होते आणि खालच्या कुजलेल्या फुलांचा गोडसर वास गटारावरून येत होता. सुचेता नाक न झाकता त्यातून चालत राहिली.

कोपऱ्यावर बस जाईपर्यंत त्यांना थांबावं लागलं.

“ते डोळ्यांवर हात ठेवणं,” अरविंद म्हणाला. तो रस्त्याकडे बघत होता. “अण्णा तसं करतात?”

“हो.”

“रोज?”

“रोज.”

बस गेली. तरी ते लगेच रस्ता ओलांडेनात.

“तो मुलगा रुमाल लावून करत होता,” अरविंद म्हणाला, “आणि शेजारचा एक माणूस मला म्हणाला, मस्त करतोय. मीही हसलो, सुचेता. आधी मला स्वल्पसुद्धा कळलं नाही. मला सांगायचं होतंस. त्यांना सगळं सांगितलंस, मला एकदा सांगायचं होतंस.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. दोन वर्षांत ती त्याच्यावर कधी चिडली नव्हती. आताही तिच्या आवाजात चीड नव्हती.

“तुम्हाला वास येत नव्हता?” तिने विचारलं.

पुढचा सगळा रस्ता अरविंद तिच्या एक पाऊल मागून चालला.

घरी वरच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई मामंजींपाशी बसल्या होत्या. “काही त्रास नाही हो दिला,” त्या म्हणाल्या, “पण भिजलंय सगळं. मला काही उचलवत नाही,” आणि जिना चढून निघून गेल्या. दार उघडं राहिलं होतं. खोलीतला वास बाहेरच्या खोलीपर्यंत आला होता. नेहमीचाच.

सुचेताने पाणी तापत ठेवलं. फडकी काढली, धुतलेली चादर काढली. ती बादली उचलायला वळली तेव्हा अरविंद मोरीपाशी उभा होता. त्याने शर्ट खुंटीला टांगला होता आणि धोतर नेसावं तसा घरातला पंचा कमरेला घट्ट बांधला होता.

“मी करतो आज,” तो म्हणाला.

ती बादली धरून उभी राहिली. हा कशासाठी आला, हे तिला कळत नव्हतं. बापासाठी, की तिच्यासाठी, की त्या टाळ्यांमध्ये उभं राहून जे अंगाला चिकटलं ते धुऊन काढायला. आणि कळून घ्यावं असंही तिला आज वाटेना. दोन वर्षं एका भिंतीपलीकडे चाललेलं त्याला एका परक्या माणसाच्या तोंडून ऐकावं लागलं, टाळ्यांसकट. त्या टाळ्यांशिवाय तो इथे उभा राहिला नसता. याचीही तिला शिसारी आली. तरी तिने बादली त्याच्याकडे दिली.

“पाणी कोपराने बघा,” ती म्हणाली. “कुशीवर वळवताना आधी गुडघा मोडा, मग खांदा. पाठीला घासू नका, टिपा.”

त्याने मान हलवली आणि तो आत गेला. दार लोटल्याचा आवाज आला.

ती स्वयंपाकघरात गेली. भात झाला होता. तिने साराला फोडणी दिली. आतून बादलीची कडी वाजली. मेणकापड ओढल्याचा चरचर आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. मग दार धाडकन उघडलं, अरविंदची पावलं मोरीकडे धावली, आणि त्याला उलटी झाल्याचं ऐकू आलं. एकदा, आणि पुन्हा एकदा, पोटात काही उरलं नसताना होते तशी.

सुचेताने गॅस बारीक केला. ती जागची हलली नाही. नळ सुरू झाला, बंद झाला. पावलं परत आली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी थांबली. त्याचा श्वास तिला मागे ऐकू येत होता. तिने मागे वळून पाहिलं असतं तर त्याने फडकं तिच्या हातात दिलं असतं, आणि तिने ते घेतलं असतं. ती सार ढवळत राहिली.

पावलं खोलीकडे गेली. या वेळी दार अलगद लागलं.

तिला लागायचा त्याच्या कितीतरी पट वेळ त्याला लागला. तो बाहेर आला तेव्हा पंचा भिजला होता आणि कपाळाला केस चिकटले होते. तिने आत डोकावून पाहिलं. मामंजी डोळे मिटून पडले होते. चादर एका बाजूला लांब, एका बाजूला आखूड झाली होती, आणि पाठीखाली एक सुरकुती राहिली होती. तिने हात घालून ती सरळ केली. बाकीचं तसंच राहू दिलं.

अरविंद मोरीत हात धूत होता. साबणाची वडी ठेवल्याचा आवाज आला, पुन्हा उचलल्याचा आला.

तिने दोन पानं घेतली. तो येऊन बसला. भात कालवला, घास उचलला, तोंडापर्यंत नेला, आणि पानात परत ठेवला. मग बोटं नाकाशी नेली.

“जात नाही,” तो म्हणाला.

“नाही जात.”

“तू कशी जेवतेस?”

तिने त्याला समजावलं नाही. ताक देऊ का, असंही विचारलं नाही. सार वाढून घेतलं, भात कालवला आणि ती जेवू लागली. दिवसभर तिच्या पोटात काही नव्हतं. तो हात पानावर तसाच धरून तिच्याकडे बघत बसला होता, आणि तिने त्याला बघू दिलं. मग पातेलं जवळ ओढून तिने आणखी भात घेतला.